पाणी ओसरल्यानंतर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात तळमजल्यावरील एका सभासदाने केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून त्यांनी ते नंतर लिहून दिले. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, आधीच सांगून ठेवतो. कमिटीने विचारलं, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, पुरावर. तेव्हा एक-दोघांचे चेहरे पडले. आनंदाच्या कार्यक्रमात पूर कशाला, असं त्यांना वाटलं असणार. पण मंडळी, पंचवीस वर्षांत ही बिल्डिंग एक झाली ती गणपतीत नाही, हळदीकुंकवात नाही. ती एक झाली २२ जुलै २०२१ला. आणि त्याच पुरावरून आठ महिन्यांनी आपल्यात दुफळीही पडली. त्या दोन्ही गोष्टी आज बोलायच्या आहेत.

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली. मोटर, पॅनल, केबल हे माझं आयुष्य. पण स्वतःच्या घरात पाणी शिरल्यावर काय करायचं, यात मी पहिलीच परीक्षा नापास झालो. माझ्या चुका ऐका, म्हणजे तुमच्या वाचतील.

ती रात्र थोडक्यात आठवतो. आषाढी होऊन दोन दिवस झाले होते. आदल्या दिवशी बकरी ईद होती, शेजारच्या मोहल्ल्यातून आपल्याकडे डबे आले होते. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे समुद्राला उधाण. पोलादपूरहून आमच्या थोरल्या बंधूंचा फोन आला, "सावित्री फार चढलीय, सामान उचल." मी म्हटलं, बघतो. महाडच्या माणसाला पुराचं कौतुक नसतं. दरवर्षी गांधारीचं पाणी रस्त्यावर येतं, दोन तास थांबतं, जातं. २००५ला आपल्या तळमजल्यावर गुडघाभर आलं होतं. त्या हिशोबाने मी गॅसची शेगडी ओट्यावर, गाद्या पलंगावर आणि टीव्ही टेबलावर ठेवला आणि निजलो.

पाणी दारातून आलं नाही. ते न्हाणीच्या जाळीतून आलं. ही गोष्ट तळमजल्याच्या चारही घरांनी सांगितली. ड्रेनेजचं चेंबर बाहेर भरलं की पाणी पाइपातून उलटं फिरतं. दाराला मी पोती लावून बसलो होतो आणि मागे संडासातून घाण पाणी घरात शिरत होतं. तासाभरात कंबरेएवढं झालं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ खाली उतरले, माझ्या आईला त्यांनी पाठीवर घेतलं. वर जाताना आई म्हणत होती, "अरे, देव राहिले." सकाळी वरून वाकून पाहिलं तर आमच्या हॉलचा पंखा पाण्यात होता.

त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात अठरा माणसं जेवली. करोनाचे दिवस, कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं, आणि एका खोलीत अठरा माणसं. दुपारनंतर फोन बंद पडले. त्याच दुपारी आपल्याच तालुक्यात तळियेला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडीखाली माणसं गेली. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर कोणी "माझा सोफा गेला" असं मोठ्याने म्हटलं नाही. म्हणून आज मी सामानावर बोलतो आहे ते या जाणिवेने, की आपलं फक्त सामान गेलं.

हे पाणी येतं कुठून, हे मुलांसाठी सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिथून पोलादपूरवरून ती आपल्याकडे उतरते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या दिवसाअखेर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते सगळं डोंगराच्या उतारावरून काही तासांत खाली येतं. महाडपाशी गांधारी येऊन मिळते, पुढे काळ नदी येते. आणि खालून भरती चढते, कारण एकेकाळी गलबतं महाडपर्यंत यायची ती याच खाडीने. वरून लोंढा, बाजूने दोन नद्या, समोर भरतीची भिंत. मधे आपण. हे २००५ला झालं, तेव्हा दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथल्या दरडींनी किती घरं उजाड केली ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२१ला झालं. पुन्हा होणार नाही असं समजून चालता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. पाणी ओसरल्यावर काय करायचं?

पहिली गोष्ट, घाई करायची ती फक्त चिखलाची. बाकी कशाचीही नाही. पाणी उतरायला लागलं, घोट्याएवढं राहिलं, की खराटा घेऊन गाळ ढवळायचा आणि त्या उतरत्या पाण्याबरोबरच बाहेर लोटायचा. जुन्या बाजारपेठेतले दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. मी थकून दुपारभर झोपलो. उठलो तेव्हा पाणी गेलं होतं आणि घरात वीतभर तांबडा गाळ बसला होता. दुसऱ्या दिवशी तो वरून सुकायला लागला. मग तो पाण्याने निघत नाही, फावड्याने कापावा लागतो. आमचं घर रिकामं करायला सहा दिवस लागले. बाहेरगावची मुलं फावडी-घमेली घेऊन आली होती, नाव न सांगता कामाला लागली. त्यांचे उपकार आपण फेडू शकत नाही.

पण आत पाय टाकण्याआधी तीन गोष्टी. मेन स्विच बंद आहे ना, आणि तो बंद करायला ओल्यात उभं राहावं लागणार असेल तर हात लावायचा नाही, महावितरणच्या माणसाला सांगून बाहेरूनच सप्लाय तोडायचा. सिलिंडर उलटा झाला असेल, वास येत असेल तर काडी ओढायची नाही. आणि काठी आपटत जायचं. आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर नाग नव्हता, धामण होती, पण मला त्या वेळी फरक कळला नाही.

पायात गमबूट हवेत. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, गटाराचं पाणी असतं. पायाला साधी भेग असली तरी लेप्टोचा जंतू आत जातो. ज्यांना त्या पाण्यातून चालावं लागलं त्यांनी ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. आठवड्याभराने ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर "दमल्यामुळे असेल" म्हणून घरी बसायचं नाही.

दुसरी गोष्ट, फोटो. साफसफाईच्या आधी. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेपाशी माणूस उभा करून फोटो, प्रत्येक खोलीचा, प्रत्येक वस्तूचा, फ्रीज-टीव्हीच्या मागच्या नंबरसकट. इथे माझी दुसरी चूक. माझा घराचा विमा होता. मी प्रामाणिक माणूस, म्हटलं आधी घर स्वच्छ करू, मग कळवू. आठ दिवसांनी सर्व्हेअर आले तेव्हा सोफा, कपाटं, गाद्या सगळं नगरपालिकेच्या ट्रॉलीतून गेलं होतं. ते म्हणाले, "काका, वस्तू कुठे आहेत?" मी रिकाम्या भिंती दाखवल्या. मागितलेल्याच्या चौथा हिस्साही मिळाला नाही. राग आला, पण कागद त्यांच्या बाजूने होता. तेव्हा आधी विमा कंपनीला फोन आणि ईमेल, तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत खराब सामान एका बाजूला, आणि फेकणं भागच असेल तर फोटो काढून, यादी लिहून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन.

ज्यांचा विमा नाही त्यांनी चौकशी करावी. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर धरलेलाच आहे, आणि घराचा विमा घेतला की घरातलं सामानही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलं जातं. घेताना वाचून घ्या.

गाडीचंही सांगतो. पाण्यात उभी राहिलेली गाडी किंवा स्कूटर चालू होते का ते बघायला स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग साध्या साफसफाईचं काम इंजिन बदलण्यावर जातं, आणि "तुम्ही स्वतः स्टार्ट केली" म्हणून विमाही अडतो. तीच गोष्ट फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सरची. सुकलंय ना, लावून बघू, असं नाही. आधी उघडायचं, गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, सुकवायचं, मेकॅनिकला दाखवायचं.

घरातल्या वायरिंगबद्दल हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून ठासून सांगतो. भिजलेले स्विच, सॉकेट, एमसीबी वाळवून वापरायचे नाहीत. ते बदलायचे. आतल्या पितळेवर गाळ बसतो, महिन्याभराने तिथे ठिणगी पडते. वायर चांगली असेल तर राहू शकते, पण लायसनवाल्या वायरमनकडून मेगर लावून तपासून घ्या, मगच सप्लाय. आणि प्रत्येक घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या भिंतीतून शॉक लागायची वेळ आली तर तोच माणूस वाचवतो.

तिसरी गोष्ट, पाणी. खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं म्हणजे ती गटार झाली असं धरायचं. पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, भिंती घासायच्या. उतरणारा माणूस एकटा नको, आधी झाकण उघडून हवा खेळू द्यायची, वर दोराशी दुसरा माणूस. मग चांगलं पाणी भरून टीसीएल पावडर टाकायची. जंतू मारण्यासाठी हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे आपल्या १० हजार लिटरच्या टाकीला दीड किलो. बारा तास ठेवून ते पाणी वरच्या टाकीतून, सगळ्या नळांतून खेळवून सोडून द्यायचं. ते प्यायचं नाही. नंतर रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली पिशवी म्हणजे नुसता चुना.

आणि एक धोका, तो माझ्या डोळ्यांसमोर घडलेला. त्या आठवड्यात सगळेच फरशीवर अ‍ॅसिड ओतत होते आणि वर टीसीएल. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात माणूस गुदमरतो. एका वेळी एकच, आणि खिडकी उघडी.

आता भिंती. इथे माझी तिसरी आणि सर्वांत महागडी चूक.

गणपती १० सप्टेंबरला होते. आईची इच्छा, बाप्पा नव्या रंगात बसायला हवेत. मी ठेकेदाराला सांगितलं, पुट्टी मार, वर वॉटरप्रूफ कोट दे, चांगल्यातला ऑइल पेंट लाव. सव्वा लाख मोजले. गणपतीत घर आरशासारखं होतं. दसऱ्याला भिंतीवर फुगे आले. दिवाळीत पापुद्रे गळून रांगोळीत पडत होते आणि कपाटामागे काळी बुरशी. आईचा दमा वाढला तो त्याच हिवाळ्यात.

चूक काय झाली? वीट आणि जांभा, दोन्ही पाणी पितात. पुराची रेषा सहा फुटांवर दिसली तरी ओल त्याच्या वर फूटभर चढलेली असते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. बांधकामातला एक ढोबळ हिशोब आहे, इंचाला महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-पाच महिने घेते, एका बाजूने बंद असली तर जास्त. त्यात आपलं कोकण. जुलै-ऑगस्टात बाहेरची हवाच ओली, खिडक्या उघडून भिंत वाळत नाही, उलट ओल घरात येते. आपल्याकडे खरी वाळवण सुरू होते ती ऑक्टोबरच्या उन्हापासून. मी मात्र सप्टेंबरात भिंतीला रेनकोट घातला. पाणी आतच राहिलं.

मग काय करायला हवं होतं? भिजलेली पुट्टी आणि पीओपी पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढायचं. सिमेंटच्या गिलाव्यावर हातोडीची मूठ वाजवून बघायची. जिथे पोकळ वाजतो तेवढाच तोडायचा, घट्ट असेल तर राहू द्यायचा. कपाटं, पलंग भिंतीपासून हातभर लांब. पंखे चालू, जमल्यास खोलीत हवा बाहेर ओढणारा एक. पांढरा लोणा फुटला तर कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की क्षार परत आत जातात. सण आला तर साधा चुना मारायचा. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि शंभर रुपयांत बाप्पाही प्रसन्न होतात. रंगाची वेळ आली का, हे बघायची युक्ती सोपी आहे. दूधपिशवी कापून तिचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करायचा. दोन दिवसांनी आतून दव धरला असेल तर थांबा. मी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हे केलं, तेव्हासुद्धा बेडरूमच्या भिंतीने "थांब" सांगितलं. रंग शेवटी एप्रिलमध्ये दिला. तो आजही आहे.

लाकडाचं दोन वाक्यांत सांगतो. आजोबांचा सागवानी पाट आणि फणसाच्या लाकडाची पेटी धुऊन सावलीत वाळवली, तिरकी झाली नाही. उन्हात ठेवली असती तर तडकली असती. साध्या कमर्शियल प्लायचं किचन तीन दिवसांत पावासारखं फुगलं. तळमजल्यावर आता आम्ही खालचे ओटे कडप्प्याचे आणि दारं अ‍ॅल्युमिनियमची केली. कापसाच्या गाद्या, उशा, उघडं धान्य, औषधं ठेवायचीच नाहीत. जीव अडकतो, तरी नाही.

आणि कागद. आपल्या संस्थेचं ऑफिस जिन्याखाली होतं. नोंदणीचं प्रमाणपत्र, सभासदांची आय नोंदवही, तोवरची इतिवृत्तं, सगळं त्या लोखंडी कपाटात तीस तास पाण्याखाली होतं. सेक्रेटरी साहेब ते बाहेर काढून रडायचेच राहिले होते. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ते सगळं ताब्यात घेतलं. एकेक पान सोडवून मधे वर्तमानपत्र घालून महिनाभर वाळवत बसल्या. शाईपेनाने लिहिलेलं धुऊन गेलं, बॉलपेनचं राहिलं. २००३च्या वार्षिक सभेच्या पानावर वर्तमानपत्राची शाई उमटली आहे, ती आरशात धरली तर वाचता येते. नंतर मला कळलं की कोरे कागद घालायला हवे होते, आणि वेळ नसेल तर भिजलेले कागद न सोडवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि सावकाश वाळवता येतात. मोठमोठी ग्रंथालयं असंच करतात. पण काकूंना कोणी शिकवलं नव्हतं आणि फ्रीजला वीज नव्हती. आज आपल्या प्रत्येकाच्या शेअर सर्टिफिकेटला जो आधार आहे, तो त्यांनी पंख्याशिवाय, पुठ्ठ्याने वारा घालून वाळवलेला आहे. काकू, एकदा उभ्या राहा. टाळ्या नंतर, आधी सगळ्यांनी बघून घ्या.

आता शेवटचं, आणि अवघड.

मार्च २०२२ला आपली विशेष सर्वसाधारण सभा झाली. प्रस्ताव होता, मीटर रूम आणि पंपाचं पॅनल तळमजल्यावरून पहिल्या मजल्याच्या जिन्यावर न्यायचं, टाकीचं तोंड उंच करायचं आणि ड्रेनेजच्या चेंबरला उलटं पाणी रोखणारा वॉल्व बसवायचा. वीस सभासदांत आठ बाजूने, अकरा विरुद्ध, एक गैरहजर. सभेत एक वाक्य उच्चारलं गेलं, "पाणी तळमजल्याचं, मग खर्च आमचा का?" ते कोणी म्हटलं हे मी सांगणार नाही. मला एवढंच लागलं, की विरुद्ध हात वर करणाऱ्यांत तो हातही होता ज्याने माझ्या आईला पाठीवर घेतलं होतं. त्यानंतर आम्ही वर्षभर एकमेकांना फक्त नमस्कार करत होतो. आई २०२३ला गेली, तेव्हा तेच भाऊ पहिले खाली आले. पण विषय कधी निघाला नाही. आज मी काढतो आहे.

आधी माझा कबुलीजबाब. २००५च्या पुरानंतर अशीच सूचना आली होती. आपली संस्था तेव्हा पाच वर्षांची. जुनं इतिवृत्त काकूंनी वाळवलं म्हणून ते पान वाचता येतं. त्यात लिहिलं आहे, "असा पूर काही पुन्हा येत नाही, खर्च अनावश्यक आहे." सूचक मी. बॉलपेनने लिहिलेलं, म्हणून टिकलं. तेव्हा २०२२ला नाही म्हणणाऱ्यांवर रागवायचा मला अधिकार नाही. त्यांनी माझंच वाक्य सतरा वर्षांनी म्हटलं.

पण एक हिशोब मांडतो. माझं घर भिजलं, तो खर्च माझा, मी केला, कोणाकडे मागितला नाही. मीटर रूम मात्र माझी नाही. ती वीस घरांची. ती बुडाली म्हणून गावात वीज आल्यावरही आपली बिल्डिंग एकोणीस दिवस अंधारात होती. पंप बंद, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सत्तराव्या वर्षी बादल्या चढवल्या. पाणी तळमजल्यावर थांबलं, पण नळ सगळ्यांचे थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं इन्सुलिन फ्रीजअभावी खराब झालं, ते आठवा. तेव्हा पाणी कोणाचं होतं?

आपल्या आदर्श उपविधीतही हेच आहे. घरातल्या नळाची, संडासाची गळती सभासदाने बघायची. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, सामाईक लाइट आणि पंप संस्थेने बघायचे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का दरवर्षी जमवायचा तो अशाच दिवसासाठी. आणि १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपली बिल्डिंग पंचवीसची झाली. तळमजल्याचे कॉलम पुरात होते. दोन ठिकाणी गंजलेली सळई दिसते आहे. २४ ऑगस्ट २०२०ला आपल्याच गावात काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळून १६ जीव गेले. त्याची कारणं वेगळी होती, पण आपण महाडकरांनी तरी भिंतीकडे नुसतं रंगासाठी बघू नये.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी पुन्हा तोच प्रस्ताव आणणार आहे. त्यात दोन गोष्टी वाढवल्या आहेत. एक, आधी ऑडिट, मग खर्चाचा आकडा. दोन, संस्थेचं दप्तर तिसऱ्या मजल्यावर, आणि सगळ्या कागदांचे फोटो प्रत्येक सभासदाच्या मोबाइलमध्ये. वॉल्वचा खर्च तळमजल्याची चार घरं देतील, आमचं चौघांचं बोलणं झालं आहे. मीटर आणि पंपाचा खर्च वीस घरांचा. महावितरणची परवानगी, लायसनवाला कंत्राटदार, तिथे बसून काम करून घेणं, हे माझ्याकडे. मजुरी नको. ३१ वर्षं दुसऱ्यांची पॅनल सांभाळली, एक आपलं सांभाळतो.

नाही म्हणायचं असेल त्यांनी जरूर म्हणावं. मी पुन्हा वर्षभर नुसता नमस्कार करणार नाही. चहाला येईन आणि तोच विषय काढीन.

पाऊस दारात उभा आहे. घरी गेल्यावर आज एक काम करा. तळमजल्यावरच्यांनी न्हाणीच्या जाळीवर ठेवायला वाळूची पिशवी भरून ठेवा. वरच्यांनी एक चादर आणि एक ताट जास्तीचं काढून ठेवा. ते तुम्ही मागच्या वेळी न सांगता ठेवलं होतं. तेवढं एक कायम राहिलं, तर पुढची पंचवीस वर्षंही निघतील.

आईचे देव सापडले, हे सांगायचं राहिलं. गाळ काढताना बाहेरगावच्या एका पोराच्या फावड्याला बाळकृष्ण लागला. त्याने तो स्वतःच्या बनियनला पुसून आईच्या हातात दिला. सध्या तो दुसऱ्या मजल्यावर असतो, पावसाळ्याचे चार महिने. त्या घरच्या वहिनी रोज दूध दाखवतात. मीटरचंही तसंच करू या.